शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती (सोलापूर)

बाजारातले तयार किट न घेता, आराखड्यावरून एकेक तुकडा स्वतः कापून, वाकवून आणि जोडून केलेले लहान मापाचे शिडाचे जहाज. सोलापूरपासून समुद्र सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरहून दूर. डोळ्यासमोरचे पाणी म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव. जहाजांशी शहराचे नाते सांगताना वालचंद हिराचंद यांचे नाव हमखास निघते. त्यांचा जन्म इथला, १८८२ चा. त्यांनी सहकाऱ्यांसह १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी उभारली आणि ५ एप्रिल १९१९ ला तिचे जहाज ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. पण ‘लॉयल्टी’ वाफेवर चालणारी. शिडाच्या प्रतिकृतीला सोलापूरकडून जे काही मिळते ते कापडाच्या गिरणीकडून आणि मागाकडून.

प्रमाण आधी ठरवावे लागते. १:४८, १:६४ आणि १:९६ ही रुळलेली प्रमाणे. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली ‘ट्रिंकोमाली’ घेतली, तर तिचा सुमारे ४६ मीटर लांबीचा तोफांचा मजला १:९६ ने ४८ सेंटिमीटर होतो, म्हणजे टीव्हीच्या कपाटावर मावतो. १:४८ ने तोच जवळजवळ मीटरभर. घरात आधी विचारून घ्यावे. मराठा आरमाराची गुराब (शिडाची लढाऊ नौका) करायची हौस अनेकांना असते, मात्र कोकणातले मिस्त्री कागदापेक्षा हातच्या मापावर बांधत. त्यामुळे दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तीन काठ्यांची तीनशेपर्यंत, अशा अठराव्या शतकातल्या वर्णनांवरून बरेच काही अंदाजाने भरावे लागते.

सांगाडा म्हणजे पठाण (तळाचा कणा) आणि त्यावर आडव्या उभ्या केलेल्या फासळ्या. त्यांच्या कडा तासून एक पातळ पट्टी नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत टेकवून पाहतात. ती कुठे अधांतरी राहिली किंवा कुठे उचलली गेली, तर तिथे अजून तासायचे. मग फळ्या. नवखा माणूस सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या कापतो आणि नाळेपाशी त्या एकमेकींवर चढतात, कारण जहाजाचा घेर मध्ये मोठा आणि टोकाला लहान असतो. प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करावीच लागते. वाकवण्यासाठी ती गरम पाण्यात भिजवून तापलेल्या सोल्डरिंग आयर्नवर हळूहळू दाबतात.

लाकूड वखारीत मागायला गेले की सागवान पुढे येते. मोठ्या जहाजाला सागाला तोड नाही. लहान प्रतिकृतीत मात्र त्याची उघडी छिद्रे आणि ठळक रेषा प्रमाणाबाहेर दिसतात, बारीक तुकडा चिरतो. हवे घट्ट, बारीक पोताचे लाकूड. गिरण्यांच्या बॉबिन (सूत गुंडाळायच्या रिळी) पूर्वी हेदाच्या लाकडाच्या होत आणि हेद पिवळसर, एकसारख्या पोताचा असतो. मागाचा जुना लाकडी धोटाही (आडवा धागा ओवत इकडून तिकडे धावणारा तुकडा) असाच कणखर, कारण त्याला कूस निघून चालत नाही. भंगारातला एक धोटा कापला तर साऱ्या जहाजाच्या कप्प्या निघतात. कप्पी चार-पाच मिलिमीटरची. आधी पट्टीवर खाच आणि भोके पाडायची, तुकडा शेवटी वेगळा करायचा. उलट केले तर तुकडा बोटातून उडतो आणि फरशीवर सापडत नाही.

दोरखंडांचा भाग बाकीच्या ठिकाणी लोक धास्तीने पुढे ढकलतात. इथे सूत हाताशी असते. शिलाईचा धागा जसाच्या तसा बांधला तर तो धागाच दिसतो; दोर वळावा लागतो. तीन पदर धाग्याच्या मूळ पिळाच्या दिशेने आणखी पिळायचे आणि मग तिन्ही मिळून उलट दिशेने वळायचे. दोन्ही पीळ एकाच बाजूचे झाले की हात सोडताच दोर उसवतो. ०.२५ मिलिमीटरचा दोर १:४८ मध्ये १२ मिलिमीटरचा ठरतो. सुताची लव मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरकन ओढून जाळतात (गिरणीत हेच काम गॅसच्या ज्योतीवर चालते), नंतर मधमाशीचे मेण लावतात. डोलकाठीवर चढायच्या दोरांच्या शिडीतल्या आडव्या दोऱ्यांना शेकडो गाठी लागतात. शिडांसाठी चादरीचे कापड निरुपयोगी, जुन्या मऊ धोतराचे चालते, तेही चहाच्या पाण्यात बुडवून.

हवामान हा इथला खरा त्रास. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसते आणि मार्चमध्ये नखही न शिरणाऱ्या फटी दिसू लागतात. जुलैत त्या मिटतात. सुती दोर ओल लागली की आखडतो. उन्हाळ्यात ताठ बांधलेली दोरी पावसाळ्यात बारीक परबाण (शीड बांधायची आडवी काठी) वाकवून ठेवते, म्हणून जाणती माणसे दोर बांधायचे काम पावसाळ्यात घेतात आणि उन्हाळ्यात थोडी ढिलाई सोसतात. वर काचेची पेटी हवीच, कारण मागावरची रुई शहरभर उडते आणि दोरांवर बसली की फुंकून जात नाही.