दुप्पट अश्वशक्ती म्हणजे दुप्पट वेग नव्हे

‘ग्रॅन टुरिस्मो’ हा मोटार शर्यतीचा व्हिडिओ गेम १९९७ साली प्लेस्टेशनवर आला. अशा खेळांत टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) बसवून अश्वशक्ती दुप्पट केली, की गाडीचा कमाल वेगही दुप्पट होतो, ही जुनी समजूत चुकीची आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. म्हणून ताशी २५० किलोमीटरची गाडी दुप्पट शक्तीने जेमतेम ३१५ च्या आसपास जाते, तेही गिअरचे गुणोत्तर त्यानुसार लांब केले (म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाके जास्त फिरतील असे ठेवले) तरच, एरवी इंजिन आधीच कमाल फेऱ्यांवर अडकते. ४०० मीटरच्या चाचणीत तर सुरुवातीचा निकाल टायरची पकडच ठरवते. चाके जागीच फिरू लागली, तर वाढीव शक्तीचा धूरच होतो (दिसतो मात्र झकास).