परदेशात केमिकल बायॉलॉजीत पीएचडी: अर्ज कुणाकडे, पात्रता काय, कागदपत्रं कोणती

केमिकल बायॉलॉजी म्हणजे रसायनशास्त्राची साधनं वापरून जीवशास्त्रातले प्रश्न सोडवणं. तिचा स्वतंत्र विभाग फार थोड्या विद्यापीठांत असतो. यावर काम करणारे गट कुठे रसायनशास्त्रात, कुठे बायोकेमिस्ट्रीत, तर कुठे वैद्यकीय शाखेत सापडतात. त्यामुळे आधी विषय पक्का करून गाइड शोधा. जिवंत पेशीतली कामं न बिघडवता तिथेच अभिक्रिया घडवणारी बायोऑर्थोगोनल केमिस्ट्री (कॅरोलिन बर्टोझी यांचं २०२२ चं नोबेल याच कामासाठी), नकोसं प्रथिन पेशीकडूनच मोडून घेणारे प्रोटॅक रेणू, की डिरेक्टेड इव्होल्यूशनने (बदल घडवायचे, त्यांतले सरस निवडायचे, असं पुन्हा पुन्हा करून) घडवलेली एन्झाइम्स? हे ठरलं की यादी आपोआप आखडते.

पात्रता देशागणिक बदलते. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. युरोपात बहुतेक ठिकाणी मास्टर्स लागतं. रसायन, जीवरसायन, फार्मसी, बायोटेक यांपैकी काहीही चालतं. दोन्ही बाजू पक्क्या असलेला विद्यार्थी विरळाच, हे निवडसमितीलाही ठाऊक असतं. एक बाजू मात्र हाताने केलेली हवी: सिंथेसिस (प्रयोगशाळेत रेणू तयार करणं) तरी, नाहीतर पेशीसंवर्धन आणि प्रथिनं शुद्ध करणं.

अमेरिकेत अर्ज विभागाकडे जातो, मुदत बहुधा डिसेंबरच्या आसपास. पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन करून (प्रत्येकीत थोडा काळ काम करून) गाइड ठरतो. युरोपात जागेची जाहिरात निघते आणि नोकरीसारखी मुलाखत होते.

आता कागदपत्रं. गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र, सीव्ही, पासपोर्ट, आयेल्ट्स किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल (तो दोनच वर्षं चालतो). अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेली सगळ्या विषयांच्या गुणांची नोंद) आधीच मागवून ठेवा, सगळ्यांचं घोडं तिथेच अडतं.

खरा कस लागतो तो एसओपीत, म्हणजे ‘मला हे संशोधन का करायचंय’ हे सांगणाऱ्या निवेदनात. ‘आरोग्यक्षेत्रासाठी काहीतरी करायचंय’ हे वाक्य सगळेच लिहितात. त्याऐवजी असं लिहा: ‘पेशींना अझाइड जोडलेली साखर दिली. तांबं पेशींना विषारी ठरतं, म्हणून तांब्याशिवाय चालणारी सायक्लोऑक्टाइनची अभिक्रिया निवडली. तरी पार्श्वभूमीचा सिग्नल जास्तच राहिला. तो कमी करायला काय केलं, ते असं.’ फसलेला प्रयोगही चालतो. का फसला हे सांगता आलं पाहिजे.

शिफारसपत्रं साधारण तीन. ती प्राध्यापक लिंकवरून थेट पाठवतात, तुमच्या हाती येत नाहीत. विभागप्रमुखाच्या गुळमुळीत पत्रापेक्षा, तुम्हाला लॅबमध्ये रोज पाहिलेल्या प्रोजेक्ट गाइडचं पत्र घ्या.

प्रोजेक्ट एखाद्या कंपनीसोबत केला असेल, तर रेणूंची रचना अर्जात किंवा मुलाखतीत उघड करण्याआधी लेखी परवानगी घ्या. पेटंट अर्ज दाखल होण्याआधी माहिती बाहेर गेली तर हक्कच धोक्यात येतो.

ऑफर आली की पगार किंवा फेलोशिप किती वर्षांची आणि कोणाकडून, हे पत्रात तपासा. ब्रिटनला जायचं असेल, तर सूट असलेले काही देश सोडून बाकीच्या नागरिकांना ठराविक विषयांसाठी सरकारी सुरक्षा-मंजुरीचं अ‍ॅटास प्रमाणपत्र लागतं. ते हातात आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही, तेव्हा तो अर्ज लगेच टाका.