घाटात ‘जीपीएस गेलं’ म्हणजे नक्की काय गेलं?

ताम्हिणी उतरताना पावसाने धरलं आणि हँडलवरच्या पडद्यावर नकाशा कोरा पडला, की बहुतेक रायडर आभाळाकडे बघून म्हणतात, ढगांमुळे जीपीएस गेलं. ढगांवरचा हा आळ खोटा आहे. जीपीएसचा मुख्य संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. त्याची तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर, आणि पावसाचा थेंब जेमतेम काही मिलिमीटरचा. एवढ्या लांब तरंगाला थेंब जवळजवळ अडवतच नाही. कोकणातल्या मुसळधार पावसातही या संदेशात जाणवण्याजोगी घट होत नाही. ओल्या, दाट झाडीखाली तो थोडा क्षीण होतो, इतकंच.

घाटात जातं ते मोबाइलचं नेटवर्क. आपली जागा ठरवणं आणि त्या जागेचा नकाशा दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह फक्त वेळ आणि स्वतःचा ठावठिकाणा सांगत राहतात. किमान चार उपग्रहांचे संदेश किती उशिराने पोचले यावरून फोन आपली जागा काढतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. नकाशाचे तुकडे मात्र बहुतेक अ‍ॅप चालता चालता इंटरनेटवरून उतरवून घेतात. म्हणून पहिली तपासणी सोपी आहे: निळा ठिपका सरकतोय का ते बघा. ठिपका सरकतोय आणि खाली नकाशा नाही, तर रिसीव्हर, म्हणजे फोनमधला उपग्रहांचे संदेश ऐकणारा भाग, ठणठणीत आहे. त्या भागाचा ऑफलाइन नकाशा घरूनच उतरवून न्यायला हवा होता.

ठिपकाच अडकला असेल तर फोन बंद-चालू करण्याची घाई करू नका. उपग्रहाच्या कक्षेची ताजी माहिती फोन एरवी इंटरनेटवरून झटकन घेतो. नेटवर्क नसेल तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि ती सेकंदाला ५० बिट अशा संथ गतीने येते. एका उपग्रहाची माहिती पूर्ण व्हायला अर्धा मिनिट लागतो. मध्ये कडा आडवा आला तर पुन्हा पहिल्यापासून. कड्याखाली थांबून वाट बघण्यापेक्षा मोकळ्या वळणावर गाडी लावून दोन मिनिटं द्यावीत.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. माझं ठाम मत आहे की बाइकवरच्या जीपीएसचे बहुतेक बिघाड आकाशात नसतात, ते हँडलवरच्या हातभर वायरीत असतात. स्टार्टर मारला की बॅटरीचा १२ व्होल्टचा दाब क्षणभर बराच खाली येतो. ज्या यंत्राची स्वतःची बॅटरी थकलेली आहे ते त्या क्षणी बंद पडून पुन्हा सुरू होतं. प्रत्येक वेळी गाडी सुरू करताना पडदा काळा होत असेल, तर दोष इथे शोधावा.

दुसरा प्रकार अधिक फसवा. फोन चार्जरला लावलेला दिसतो, तरी दुपारपर्यंत बॅटरी उतरत जाते. सीटखाली यूएसबी चार्जर बसवून तिथून लांब, बारीक केबल हँडलपर्यंत आणली की असं होतं. फोनला १० वॅट द्यायचे तर ५ व्होल्टवर २ अँपिअर प्रवाह लागतो. केबलचा जाता-येताचा रोध पाव ओहम असला तरी अर्धा व्होल्ट वाटेतच संपतो आणि फोन चार्जिंग मंद करतो. तेच १० वॅट १२ व्होल्टवर नेले तर प्रवाह ०.८३ अँपिअर होतो आणि त्याच वायरीतला ऊर्जेचा ऱ्हास सुमारे एक षष्ठांशावर येतो, कारण ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून १२ व्होल्टची वायर हँडलपर्यंत न्यावी, ५ व्होल्ट तिथे करावेत आणि पुढची केबल आखूड, जाड ठेवावी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवाच. जोडणी रिलेतून, म्हणजे इग्निशनबरोबर आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचातून घ्यावी. थेट बॅटरीला जोडलेला चार्जर गाडी उभी असतानाही थेंब थेंब वीज पीत राहतो.

याच चार्जरचा आणखी एक उपद्रव फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एका वॅटचे एकावर सोळा शून्यं इतके भाग केले, तर त्यातल्या एखाद-दोन भागांएवढी शक्ती उपग्रहाकडून अँटेनापर्यंत पोचते. स्वस्त चार्जर व्होल्टेज उतरवण्यासाठी सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असतो, आणि नीट आवरण नसेल तर त्याचा रेडिओ गोंगाट जीपीएसच्या वारंवारतेपर्यंत पोचतो. बाजारात गप्पा चालू असताना कोणी कुजबुजावं, तसं उपग्रहाचं म्हणणं त्यात बुडून जातं. हे घरच्या घरी तपासता येतं. प्रत्येक उपग्रहाच्या संदेशाची ताकद डीबी-हर्ट्झमध्ये दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. मोकळ्या आकाशाखाली ३५ ते ४५ हा आकडा निरोगी. चार्जर काढून बघा, मग लावून बघा. आकडे दहाने घसरले तर संदेश गोंगाटाच्या तुलनेत दहापट दुबळा झाला. चार्जर बदला. डॅशकॅम आणि बाहेरून बसवलेले एलईडी दिवे यांचीही अशीच परीक्षा घ्यावी.

चौकातल्या सिग्नलला गाडी उभी असताना नकाशावरचा बाण भलतीकडे वळतो, हा दोष मात्र जीपीएसचा नाहीच. उभ्या गाडीची दिशा फोन त्याच्या चुंबकीय होकायंत्रावरून ठरवतो, आणि टँक बॅगेतली किंवा माउंटमधली चुंबकं त्याला भुलवतात. दहा-वीस मीटर चाललात की दिशा उपग्रहांवरून कळते आणि बाण सरळ होतो.

मग घ्यायचं काय? रोजच्या आणि शनिवार-रविवारच्या फिरण्याला फोन पुरतो, पण फोनचे तीन शत्रू ओळखून. पहिला थरथर. मोठ्या एक सिलिंडरच्या इंजिनाचा हादरा कॅमेऱ्याच्या स्थिरीकरणातले नाजूक भाग सहन करत नाहीत. अ‍ॅपलने २०२१ मध्ये मोटरसायकलींचं नाव घेऊनच तसा इशारा दिला. त्यामुळे हादरे शोषणारं माउंट घ्यावं, किंवा जुना फोन हँडलवर लावून नव्याच्या हॉटस्पॉटवर चालवावा. मला दुसरा मार्ग जास्त पटतो. दुसरा शत्रू पाणी. फोनच्या जलरोधकतेचा आयपी६७ हा दर्जा म्हणजे एक मीटर गोड्या, स्थिर पाण्यात अर्धा तास. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणाऱ्या धारेची ती चाचणी नव्हे. ओल्या पोर्टला चार्जिंग लावलं तर विद्युत अपघटनाने त्याच्या पिना गंजतात. तिसरा ऊन: तापलेला फोन पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो. वायरलेस चार्जिंग पोर्ट वाचवतं पण उष्णता वाढवतं. पावसाळ्यात कोकणाला जाणाऱ्याने ते वापरावं, मे महिन्यात विदर्भात फिरणाऱ्याने टाळावं.

लडाख-स्पितीसारख्या लांबच्या वाटेला वेगळं यंत्र घेणं योग्य. गार्मिनच्या झूमोसारखी यंत्रं हातमोजे घालून चालतात, वीज माउंटमधल्या पिनांमधून घेतात आणि नकाशा पोटात ठेवतात. ती घेताना वाहनाचा प्रकार बारकाईने बघा. मोटारीच्या हिशेबाने वाट काढणारं यंत्र दुचाकीला बंदी असलेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा अटल सेतूकडे नेईल. गूगल मॅप्समध्ये भारतासाठी दुचाकीचा पर्याय २०१७च्या डिसेंबरात आला, तो निवडायचा राहून जातो. उभ्या कड्यालगतच्या घाटांसाठी एल-१ (वर सांगितलेली मुख्य वारंवारता) बरोबर एल-५ ही दुसरी वारंवारताही ऐकणारा रिसीव्हर निवडा. कड्यावर आपटून उशिरा आलेला संदेश आणि थेट आलेला संदेश यांतला फरक त्याला अधिक बारकाईने कळतो. भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ या उपग्रह दिशादर्शन यंत्रणेचे संदेशही एल-५ वर येतात.

एक सावधगिरी कायद्याची. जीपीएस यंत्र फक्त ऐकतं. उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी यंत्रं प्रसारण करतात, आणि भारतात ती परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा ठरू शकतो. परदेशातून बाइकसाठी सामान आणणाऱ्या नातेवाइकांना हे आधी सांगा.

जुनं यंत्र विकत घेत असाल तर ते अंगणात चालू करा, उपग्रह सापडू द्या आणि मग तारीख वाचा. जीपीएसचा मूळ संदेश आठवडे १०२४ पर्यंतच मोजतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. असं शेवटचं वळण ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री आलं. तारीख साडेएकोणीस वर्षांहून थोडी जास्त मागे दाखवत असेल, तर यंत्राचं सॉफ्टवेअर तिथेच अडकलं आहे. कंपनी त्यासाठी अपडेट देत असेल तरच पैसे मोजा.