पशुखाद्य उत्पादन-विकास (कोल्हापूर)

गाई-म्हशींच्या तयार खाद्याचे सूत्र ठरवणे, ते प्रयोगशाळेत तपासणे आणि गोठ्यात चारून पाहणे, हे पशुखाद्य उत्पादन-विकास शास्त्रज्ञाचे काम. पशुपोषण विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली माणसे या कामात येतात. शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय त्यासाठी परिचित आहे. कोल्हापूर जिल्ह्यात हे काम सहकारी दूध संघांमुळे रुजले. 1963 साली स्थापन झालेल्या 'गोकुळ' संघाचा पशुखाद्य कारखाना गडमुडशिंगी येथे आहे, वारणानगरचा दूध संघही याच पट्ट्यातला.

कोल्हापुरात खाद्याचा विचार उसापासून सुरू करावा लागतो. गळीत हंगामात दारोदार वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याच्या, मोळ्या विकायला येतात आणि तीन-चार महिने गव्हाणीत दुसरी वैरण फारशी नसते. वाढे जनावर आवडीने खाते, पण त्यात प्रथिने कमी आणि ऑक्झॅलेट जास्त. हे ऑक्झॅलेट वैरणीतल्या कॅल्शियमला बांधून टाकते, त्यामुळे ते जनावराच्या अंगी लागत नाही. ताजी व्यालेली, भरपूर दूध देणारी म्हैस अशा वेळी कॅल्शियमला कमी पडते. म्हणून इथल्या खाद्यात चुनखडी पूड, डायकॅल्शियम फॉस्फेट आणि क्षारमिश्रण किती घालायचे, हे मका-ज्वारीच्या कडब्यावर जनावरे पोसणाऱ्या भागाच्या हिशेबाने ठरवता येत नाही. पोत्यावर छापलेल्या आकड्यांइतकेच गव्हाणीत आधीपासून काय पडले आहे ते पाहणे, हाच या कामाचा गाभा आहे.

सूत्रात मका, भाताचा कोंडा, गव्हाचा भुसा, तूर व हरभऱ्याची चुनी, सरकी पेंड, सोयाबीन पेंड आणि मळी (साखर कारखान्यातला गोड, चिकट पाक) येते. रोज भाव बदलतात. त्यामुळे सर्व पोषणाच्या अटी पाळून सर्वांत कमी खर्चाचे मिश्रण संगणकावर काढतात. भारतीय मानक 2052 नुसार पहिल्या प्रकारच्या खाद्यात किमान 22 टक्के, दुसऱ्यात 20 टक्के कच्ची प्रथिने हवीत आणि ओलावा 11 टक्क्यांपेक्षा जास्त नको.

इथेच एक फसवी जागा आहे. 'कच्ची प्रथिने' म्हणजे मोजलेल्या नायट्रोजनची 6.25 पट. युरियात सुमारे 46 टक्के नायट्रोजन असल्याने एक किलो युरिया चाचणीत पावणेतीन किलोंहून अधिक प्रथिने दाखवतो. रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावराच्या पोटातले जिवाणू थोडा युरिया वापरू शकतात, त्यामुळे तो ठरलेल्या मर्यादेत चालतो. रेडकांना तो घातक. म्हणून नुसता प्रथिनांचा आकडा पाहून खाद्य चांगले म्हणणे चूक आहे. युरियाची वेगळी तपासणी हवीच.

पावसाळ्यात काळजी बुरशीची. ओलसर शेंगदाणा पेंड, मका आणि सरकी यांत अफ्लाटॉक्सिन बी1 हे बुरशीचे विष तयार होते, जनावराच्या शरीरात त्याचे एम1 होते आणि ते दुधात उतरते. प्रत्येक गाडीचा ओलावा मोजून मगच माल आत घ्यावा लागतो. पुरात भिजलेली पोती वाळवून वापरणे हा मोह इथे टाळावाच लागतो.

गोळी पेंड बनवताना मिश्रणाला वाफ देऊन साच्यातून दाबतात. कांडी फार ठिसूळ झाली की वाहतुकीत भुगा होतो, फार कडक झाली की म्हैस तोंड फिरवते. काही शेतकरी ती पाण्यात भिजवून आंबोण करतात, काही कोरडीच देतात. दोन्ही पद्धतींत तिचे काय होते ते पाहावे लागते.

खरा निकाल संकलन केंद्रावर लागतो. म्हशीच्या दुधाचे पैसे फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मिळतात. पिठूळ खाद्य वाढवून तंतुमय वैरण कमी केली की पोट आम्ल होते आणि फॅट उतरते. दूध वाढूनही घरात पैसे कमी येतात. कोल्हापूर शहरातल्या गंगावेशीत म्हैस गिऱ्हाईकासमोर पिळतात, तिथे तर दुधाच्या वासातला फरक पेल्यातच कळतो. त्यामुळे चाचणीत दुधाचे लिटर, फॅट आणि खाद्याचा खर्च तिन्ही एकत्र मांडतात. नवे खाद्य सुरू करताना 7 ते 10 दिवस जुन्यात मिसळून वाढवत न्यावे, म्हणजे पोटातल्या जिवाणूंना त्याची सवय होते.