कीबोर्ड स्टँड : कार्यक्रमासाठी निवड

कीबोर्ड स्टँड म्हणजे विजेवरचा कीबोर्ड वाजवण्याच्या उंचीवर धरून ठेवणारी, बहुधा घडी होणारी धातूची बैठक. घरात किंवा क्लासमध्ये ती एकदा मांडली की वर्षानुवर्षे जागची हलत नाही. कार्यक्रम करणाऱ्या वादकाचा स्टँड मात्र संध्याकाळी उघडतो, मध्यरात्री मिटतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच गावात उभा राहतो. तो सहज नेता आला पाहिजे आणि वाजवताना डुलताही कामा नये. हलका करावा तर डुलतो, भक्कम करावा तर उचलवत नाही. निवड करायची ती या ओढाताणीत.

मराठवाड्यात कीबोर्डला आजही सर्रास ‘कॅसिओ’ म्हणतात, मग वाद्य यामाहाचे असो वा रोलँडचे. कॅसिओ कंपनीने १९८० मध्ये कॅसिओटोन २०१ बाजारात आणले आणि पुढे कंपनीचे नाव वाद्यालाच चिकटले. त्याआधी भजन, कीर्तन, कव्वाली या सगळ्यांत सुरांची बाजू पेटी सांभाळायची आणि पेटी मांडी घालून वाजवायची, त्यामुळे स्टँडचा प्रश्नच नव्हता. भजनी मंडळात कीबोर्ड आला तेव्हाही तो चौरंगावर किंवा लाकडी खोक्यावर बसला. उभ्याने वाजवणे आले ते ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्टीबरोबर. आज १४ एप्रिलपासून पुढे कित्येक दिवस गावोगाव चालणारे भीमगीतांचे कार्यक्रम, १४ जानेवारीला नामविस्तार दिनी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटजवळ उभे राहणारे मंच, नांदेड जिल्ह्यातली माळेगावची यात्रा, खुलताबादचा उरूस, नवरात्र, गणपती आणि लग्नसराई एवढ्या ठिकाणी हे वाद्य फिरते. एकाच वादकाला आज कव्वालीच्या बैठकीत बसून आणि उद्या ऑर्केस्ट्रात उभे राहून वाजवावे लागते. म्हणून खाली-वर होणारा स्टँड इथे चैन समजू नये.

सगळ्यात जास्त दिसतो तो एक्स स्टँड. दोन पाय मधोमध कैचीसारखे जोडलेले, जोडावर दातेरी चकती आणि स्प्रिंगची खिटी. खिटी ओढायची, पाय हवे तेवढे उघडायचे आणि खिटी पुढच्या खाचेत सोडायची. स्वस्त, हलका आणि क्षणात मिटणारा. त्याची खोड मात्र त्याच्या आकारातच आहे : उंची वाढवली की पाय जवळ येतात. एक मीटर लांबीच्या पायांचा हिशेब करून पाहावा. बसून वाजवण्यासाठी स्टँड ६० सेंटीमीटर उंच ठेवला, तर दोन पायांत ८० सेंटीमीटर अंतर राहते. उभ्याने वाजवण्यासाठी तोच ९० सेंटीमीटरवर नेला, की अंतर ४४ सेंटीमीटरवर येते. वरच्या आडव्या दांड्याही तेवढ्याच जवळ येतात. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड साधारण ९५ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना पाऊण फुटाहून जास्त भाग अधांतरी राहतो. अशा वेळी पाच किलोचा कीबोर्ड नुसता ठेवलेला असेल, तर एका टोकावर साडेचार किलोच्या आसपास भार येताच दुसरे टोक उचलू लागते. वाजवताना बोटांचा एवढा जोर पडत नाही. पण गायकाने कीबोर्डवर हात टेकून वाकून काही सांगितले, किंवा कोणी अंधारात आधारासाठी टोक धरले, की तेवढे पुरते.

यावर उपाय म्हणून दुहेरी पाइपचा, म्हणजे डबल एक्स स्टँड मिळतो. पाय पिळवटत नाहीत, जोडावरचा डोल कमी होतो, वजन थोडे वाढते. वरचा हिशेब मात्र त्यालाही चुकत नाही, कारण उंचीबरोबर पाय जवळ येणे तिथेही आहेच. उंच वादकाने म्हणूनच पाय जास्त लांब असलेला स्टँड शोधावा. आखूड पायांचा स्टँड शेवटच्या खाचेपर्यंत ताणून वापरू नये. एक्सचा आणखी एक जाच बसून वाजवणाऱ्याला होतो : मधला जोड नेमका गुडघ्यांच्या वाटेत येतो.

झेड स्टँड बाजूने पाहिला तर झेडसारखा दिसतो. त्याची उंची आणि रुंदी वेगवेगळी जुळवता येते, पायांना जागा मोकळी राहते आणि तो एक्सपेक्षा पुष्कळ स्थिर असतो. टेबल स्टँड त्याहूनही भक्कम. दोन्हींची अडचण एकच, ती म्हणजे वजन आणि मिटल्यावरही उरणारा पसारा. एका खांबाचा, वर दोन-दोन हात फुटलेला कॉलम स्टँड दोन कीबोर्ड एकावर एक लावणाऱ्यांच्या सोयीचा असतो आणि दिसतोही देखणा, पण किंमत बरीच जास्त. ८८ पट्ट्यांचा, खऱ्या पियानोसारख्या जड दाबाच्या पट्ट्यांचा डिजिटल पियानो असेल, तर फार विचार करायचे कारण नाही. यामाहाचा पी-४५ साडेअकरा किलोचा आणि सव्वा मीटरहून अधिक रुंद आहे, तर त्याच कंपनीचा पीएसआर-ई३७३ हा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड ४.६ किलोचा. पहिल्याला झेड किंवा टेबल स्टँडच घ्यावा.

दुकानात खोक्यावर ‘इतके किलो भार’ असे छापलेले असते आणि गिऱ्हाईक तेवढेच वाचते. तो आकडा स्टँड किती वजन पेलेल हे सांगतो, डुलणार किती हे सांगत नाही. पन्नास किलो पेलणारा स्टँडही पाच किलोच्या कीबोर्डखाली होडीसारखा डुलू शकतो. तपासायचे असेल तर स्टँड आपल्या वाजवण्याच्या उंचीवर लावायला सांगावे, कीबोर्ड ठेवावा, दोन्ही तळवे एका टोकाला ठेवून तिरपा दाब द्यावा आणि मग सोडून द्यावे. कीबोर्ड एकदा हलून थांबला तर ठीक, तीन-चार वेळा झुलला तर तो स्टँड नको. मग खिटी बाहेर काढून चकतीचे दाते पाहावेत. दाते खोल आणि धारदार हवेत, आणि खिटी खाचेत पूर्ण बसल्याचा ‘टक’ असा आवाज यायला हवा. दाते उथळ असले की दोन हंगामांत ते गोल होतात आणि भर कार्यक्रमात स्टँड एक खाच खाली बसतो.

मराठवाड्यातल्या मंचांचा विचार वेगळा करावा लागतो. मंडपवाले लोखंडी घोड्यांवर लाकडी फळ्या टाकतात, वर सतरंजी किंवा कार्पेट अंथरतात. सतरंजीखालच्या फटी दिसत नाहीत. एका गावात उरुसाच्या कार्यक्रमात माझ्याच स्टँडचा मागचा पाय दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर फटीत गेला. कीबोर्ड पडला नाही, ऑक्टोपॅड हे विजेवरचे तालवाद्य वाजवणाऱ्याने एका हाताने तो धरला आणि दुसऱ्या हाताने ठेका सोडला नाही. पण उरलेला कार्यक्रम मी गुडघा स्टँडला लावून काढला. तेव्हापासून मंचावर चढल्यावर आधी सतरंजी उचलून फळ्यांची दिशा पाहतो. स्टँडच्या पायांखालच्या आडव्या दांड्या फळ्यांना आडव्या ठेवल्या, म्हणजे एकेक दांडी दोन-तीन फळ्यांवर टेकते आणि फटीत जात नाही. मंच नसेल आणि थेट रानात कार्यक्रम असेल, तर काळ्या मातीत पाय रुततो, तोही एका बाजूने जास्त. खाली प्लायवूडचा तुकडा हवाच. चार ठिकाणी टेकणारा स्टँड असमान जागी डगडगतो. काही स्टँडच्या पायाच्या एका रबरी टोपणाला फिरवून उंची जुळवायची सोय असते. ती असेल तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या टेम्पोत, वाजवायचे असेल, तर कुठलाच घडीचा स्टँड एकट्याने पुरत नाही. गाडी ब्रेक मारते तेव्हा धक्का आडवा बसतो. स्टँड गाडीच्या फाळक्याला आणि कीबोर्ड स्टँडला, असे दोन वेगळे बांध हवेत. बेस बॉक्स शेजारीच असेल, तर त्याच्या हादऱ्याने खिटी आणि नट ढिले होतात. दर थांब्यावर एकदा हात फिरवावा.

बरेच वादक गावातल्या वेल्डरकडून स्टँड करून घेतात, आणि हा मार्ग कमी लेखण्याजोगा नाही. एक इंची चौकोनी पाइप १६ गेजचा, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचा घेतला, तर मीटरला सव्वा किलोच्या आत वजन भरते. १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटरचा घेतला तर ०.९ किलो. सहा मीटर पाइप लागणाऱ्या स्टँडमध्ये हा फरक दीड किलोवर जातो. पायांना १६ आणि वरच्या आडव्यांना १८ गेज हा माझ्या मते चांगला मेळ आहे. वेल्डरला एवढेच ठासून सांगावे की जोड नट-बोल्टचे ठेव, सगळे वेल्ड करू नको. पूर्ण वेल्ड केलेला स्टँड दगडासारखा उभा राहतो, पण एस. टी. त चढवता येत नाही.

नेण्याची सोय किलोत मोजणे अपुरे आहे. एस. टी. ने जाणाऱ्यासाठी मिटल्यावरची लांबी जास्त महत्त्वाची. मीटरभर लांबीचा मिटलेला एक्स स्टँड सीटखाली किंवा दाराजवळ उभा राहतो. त्याच वजनाचा, पण अर्धवट मिटणारा स्टँड कंडक्टर खाली उतरवायला सांगतो. मोटारसायकलवर स्टँड आडवा बांधू नये, समोरून येणाऱ्या ट्रकला तो दिसत नाही. पार्टीचा स्वतःचा टेम्पो असेल तर झेड किंवा टेबल स्टँड घ्यावा, एकट्याने फिरणाऱ्याने डबल एक्स. दोन्हींच्या मधला मार्ग मला तरी सापडलेला नाही.

मांडताना कीबोर्ड आडव्या दांड्यांच्या बरोबर मध्यभागी ठेवून नायलॉनच्या पट्ट्याने बांधावा. पट्टा असला की एका टोकाचा भार एकट्या कीबोर्डला न उलटता सगळ्या स्टँडच्या वजनाशी झुंजतो. अ‍ॅडॉप्टरची आणि आवाजाची वायर स्टँडच्या पायाला एक वेढा देऊन मगच कीबोर्डला लावावी. वायरीत कोणाचा पाय अडकला तर ओढ पायावर येते, सॉकेटवर येत नाही. उभ्याने वाजवताना पट्ट्या कोपराच्या किंचित खाली असाव्यात, बसून वाजवताना जमिनीपासून साधारण ७२ सेंटीमीटरवर.

स्टँडचे पहिले काय जाते तर पायांची रबरी टोपणे. ती मंडपात कुठेतरी सुटून राहतात आणि मग उघडा पाइप फळीवर घसरतो. सायकलच्या ट्यूबचा चार बोटे लांब तुकडा कापून पाइपवर दुहेरी चढवला की काम भागते. एप्रिल-मेच्या उन्हात टेम्पोत तापून दांड्यांवरचे रबर चिकट होते आणि कीबोर्डच्या बुडाला काळे डाग पडतात. त्यावर सुती कापडाची पट्टी गुंडाळावी. पिशवीत एक जादा खिटी, दोन बोल्ट आणि एक पाना ठेवावा. रात्री अकराला खेड्यात यातले काहीच विकत मिळत नाही.