गिधाडे मोबाइल टॉवरने मेली नाहीत

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीत गिधाडांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, ‘मोबाइल टॉवर आले आणि गिधाडे गेली.’ पण राजस्थानातल्या भरतपूरला पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी गिधाडांची घट टिपली ती १९९०च्या दशकात. तेव्हा खेड्यापाड्यांत टॉवर होतेच कुठे?

खरे कारण २००४ साली उजेडात आले, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनातून. हृदयावर, यकृतावर खडूसारखा पांढरा थर, म्हणजे साचलेले युरिक अॅसिड. मूत्रपिंडे निकामी, आणि त्यांतच डायक्लोफेनॅकचा अंश. गुरांना तेव्हा सूज-दुखीवर टोचत तेच हे औषध. शंभर मेलेल्या गुरांपैकी एकात जरी ते असले तरी एवढी पडझड होऊ शकते, असे गणित पुढे मांडले गेले. (एका ढोरावर अख्खा थवा तुटून पडतो ना!)

२००६मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच राहिल्या. त्या ३ मिलिलिटरवर आणायला २०१५ उजाडले. एवढी साधी पळवाट बुजवायला नऊ वर्षे! सूज-दुखीवरचेच दुसरे औषध, मेलॉक्झिकॅम, मात्र गिधाडांना सुरक्षित ठरले आहे. गायीला सूज आली तर पशुवैद्यांकडे तेच चालेल का, ते विचारा.