लाइन गेली किंवा मासा टँकबाहेर पडला, तर पहिल्या तासात काय कराल

मे महिन्यात दुपारी लाइन गेली की टँकमधले मासे वर येऊन तोंड मारायला लागतात आणि झाकण नसेल तर एखादा थेट फरशीवर सापडतो. दोन्हींचं मूळ बरेचदा एकच असतं: पाण्यातला ऑक्सिजन संपत आलेला असतो. म्हणून दोन्हींची माहिती एकाच पत्रकात दिली आहे. हा कागद टँकच्या स्टँडला आतून चिकटवून ठेवा.

मासा फरशीवर सापडला तर

हवेत पाण्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन असतो, तरी मासा हवेत गुदमरतो. कल्ल्यांचे बारीक पदर पाण्यात सुटे तरंगतात, पण बाहेर आले की भिजलेल्या वहीच्या पानांसारखे एकमेकांना चिकटतात आणि श्वास घ्यायला जागाच उरत नाही. त्यात वर पंखा फिरत असेल तर ते सुकतातही. ओल्या मोरीत पडलेला मासा कोरड्या टाइल्सवर पडलेल्यापेक्षा जास्त वेळ तग धरतो, तो यामुळेच. फायटर आणि गुरामी यांच्या डोक्यात हवेतून श्वास घेणारा वेगळा अवयव असतो, सकर आणि कोरीडोरास हवा गिळून पोटा-आतड्यातून ऑक्सिजन घेतात. ओले राहिले तर हे मासे चांगलेच टिकतात. टेट्रा, अँजेल, गप्पी यांच्याकडे अशी सोय नाही.

म्हणून मासा कडक झालेला दिसला तरी लगेच फेकू नका. हात टँकच्या पाण्यात भिजवा, मगच उचला. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरलं तर अंगावरचा चिकट थर निघून येतो, आणि जंतूंना अडवणारा तोच थर असतो. कचरा, केस चिकटले असतील तर बोटाने खरवडू नका, पाण्यात हलवून सुटू द्या. पाच-दहा लीटरचा टब किंवा स्वच्छ गंज टँकच्याच पाण्याने भरा, त्यात एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा दगड) सोडा आणि माशाचं तोंड बुडबुड्यांकडे करून हलकेच धरा. हळूहळू पुढे सरकवा म्हणजे पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतून बाहेर पडेल. मागे ओढू नका, पाणी उलटं शिरतं. कल्ल्याचं झाकण एकदा जरी हललं तरी आशा आहे. पहिला अर्धा तास मासा आडवा पडून राहील, श्वास अडखळत घेईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अर्ध्या तासात कल्ला एकदाही हलला नाही, तर मात्र मासा गेला असं समजा.

सावरला म्हणून लगेच मोठ्या टँकमध्ये सोडू नका. टायगर बार्ब, फ्लॉवरहॉर्नसारखे मासे दुबळ्या माशाला टोचून मारतात. दिवसभर टबमध्येच ठेवा, वरून जाळी, उजेड कमी, खाणं २४ तास बंद. टब नसेल तर ब्रीडिंग बॉक्स, म्हणजे मासा वेगळा ठेवायची छोटी पेटी, टँकमध्येच लटकवा. साधं मीठ लीटरला १ ग्रॅम, म्हणजे १० लीटरला चहाचे दोन सपाट चमचे, आधी मगभर पाण्यात विरघळवून टबमध्ये घाला. कोरीडोरास आणि लोच असतील तर निम्मंच.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी अंगावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर ती बुरशी. खवले निघालेल्या जागी ती आधी धरते. मिथिलीन ब्लू हे निळं औषध बाटलीवरच्या प्रमाणात वापरा, पण टबमध्येच. मोठ्या टँकमध्ये ओतलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. एवढं करूनही कल्ले आतून फार सुकले असतील तर मासा दोन-तीन दिवसांनी जातो, त्यावर इलाज नाही.

लाइन गेल्यावर

२५ अंशाच्या पाण्यात लीटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला ७.५, ३४ ला जेमतेम ७. उलट पाणी १० अंशांनी तापलं की माशाची ऑक्सिजनची गरज जवळपास दुप्पट होते. नवतप्यात कूलर बंद पडला की खोलीबरोबर टँकही तापतो आणि पंप बंद म्हणून पृष्ठभाग हलत नाही. दोन फुटी टँकमध्ये सुमारे ५० लीटर पाणी असतं. त्यात चार-पाच छोटे मासे असतील तर ते काही तास सहज काढतील. त्याच टँकमध्ये दोन ऑस्कर किंवा सहा गोल्डफिश असतील, तर दोन तासांतच ते वर येऊन तोंड मारू लागतील.

काचेचं किंवा लाकडी झाकण काढा, पण उघडं ठेवू नका. ऑक्सिजनसाठी झाकण काढतात आणि त्याच रात्री अरोवाना नाहीतर स्वोर्डटेल उडी मारतो. मच्छरदाणीचा तुकडा कडेने ताणून बसवा, कापडी क्लिप लावा. खाणं ताबडतोब बंद. खाल्लेलं पचवायला ऑक्सिजन लागतोच, शिवाय पाण्यातला विषारी अमोनिया वाढतो. बाकी रोपं असलेल्या टँकची एक गोष्ट विसरली जाते: अंधारात रोपंही ऑक्सिजन घेतात. रोपांसाठी यीस्ट-साखरेच्या बाटलीतून कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर लाइन गेली तरी ती चालूच राहते, नळी आधी बाहेर काढा.

आता एक मग घ्या. टँकचंच पाणी भरून वीतभर उंचीवरून परत ओता. पाच मिनिटं ओतायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मासे वर आले की पुन्हा. धार काचेच्या कडेने नको, मोकळ्या पृष्ठभागावर पडू द्या. काठ अरुंद असलेल्या गोल बाऊलमध्ये उलट पाणी कमी करा, सर्वांत रुंद भागापर्यंतच ठेवा. बाऊल गळ्यापर्यंत भरला की हवेशी लागणारा पृष्ठभाग अगदी थोडा उरतो.

उन्हाळ्यात बर्फ सुटा घालू नका. एक लीटरची बंद बाटली गोठवून तरंगत ठेवा. १०० लीटर पाणी तेवढ्याने सुमारे एक अंश उतरतं, त्यामुळे लहान टँकला अर्ध्या लीटरची पुरे. तासाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त उतरवणं तापण्याइतकंच वाईट. थंडीत याच्या उलट: डिसेंबर-जानेवारीच्या रात्री टँकच्या बाजूंना घोंगडी गुंडाळा, वरची जाळी मोकळी ठेवा.

पाणी बदलायचं तर २५ टक्क्यांवर जाऊ नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, गडबडीत अँटी-क्लोरीन घालायचं राहून जातं आणि आधीच दमलेल्या माशाचे कल्ले त्याने भाजतात. उन्हाळ्यात दोन बादल्या पाणी आदल्या दिवसापासून मुरवून ठेवा, तीच घरातली राखीव सोय.

लाइन आल्यावर

इथेच जास्त मासे जातात. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमधले जिवाणू आतला ऑक्सिजन काही तासांत संपवतात, मरायला लागतात आणि डब्यातलं पाणी कुजतं. लाइन येताच पंप ते सगळं टँकमध्ये ढकलतो. दोन-तीन तासांपेक्षा जास्त बंद असेल तर प्लग काढा, डबा उघडा, आतलं पाणी फेका, स्पंज टँकच्या पाण्यात पिळून घ्या, मग सुरू करा. काठावर लटकणाऱ्या हँग-ऑन फिल्टरचं पाणी उतरलेलं असतं, वरून मगभर ओतल्याशिवाय मोटर कोरडी फिरते आणि जळते. टँकच्या आतला साधा स्पंज फिल्टर या सगळ्यात सर्वांत कमी त्रास देतो. आम्ही नवख्यांना तोच घ्यायला सांगतो.

क्रम असा ठेवा: आधी एअर पंप, मग फिल्टर. हीटर शेवटी, तोही पाण्याची पातळी बघून, कारण उघडा पडलेला हीटर तापला की काच तडकते. दिवा संध्याकाळपर्यंत नको. पुढचे दोन दिवस अर्धं खाणं.

आधीच करून ठेवायचं

एअर पंप टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. खाली ठेवलेला पंप बंद पडला की नळीतून पाणी उलटं वाहून पंपात आणि तिथून सॉकेटवर जातं. वर ठेवायला जागा नसेल तर नळीत पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न वाल्व्ह टाका. पंपाच्या बाजूने फुंकून बघा: हवा जाते ती बाजू पंपाकडे, अडते ती टँककडे. उलटा बसवला तर हवाच येणार नाही. वाल्व्ह कडक होतो, वर्षातून एकदा बदला. वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवा म्हणजे थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली गळतील.

घरच्या इन्व्हर्टरवर फक्त एअर पंप आणि छोटा फिल्टर घ्या. एअर पंपाला तीन ते पाच वॅट लागतात, पण १०० वॅटचा हीटर त्यावर जोडला तर पंख्यांसाठी ठेवलेली बॅटरी तोच खातो. इन्व्हर्टर नसेल तर यूएसबीवर चालणारा पंप आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक रात्रभर पुरते. एक मेख लक्षात ठेवा: काही पॉवर बँका एवढ्या कमी करंटला 'फोन भरला' समजून आपोआप बंद पडतात. घरी एकदा दोन तास चालवून बघा, लाइन गेल्यावर नको.

महावितरणचा दुरुस्तीचा एसएमएस आला की आदल्या रात्रीपासून खाणं बंद, सकाळी २५ टक्के पाणी बदल, बाटल्या फ्रीझरमध्ये.

लाइन न जाताही मासे उड्या मारत असतील तर आम्हाला पाणी आणून दाखवा. नवा मासा पहिल्या काही रात्री उडी मारतोच, पण जुना मारायला लागला तर बहुधा अमोनिया वाढलेला असतो किंवा कोणी त्याच्या मागे लागलेलं असतं. २०० मिलिलीटरची स्वच्छ बाटली टँकच्या मध्यातून काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका, त्याच दिवशी आणा. शेवटचं पाणी कधी बदललं आणि फिल्टर कधी धुतला, हे चिठ्ठीवर लिहून आणा.